काचमामांची सकाळची शिकवणी

काचमामांना त्या रजिस्टरची शिसारी आली होती. निळ्या पुठ्ठ्याचं, कडा आम्लाने खाल्लेलं, वर 'काचसामान – तूटफूट' अशी चिठ्ठी डकवलेलं ते रजिस्टर रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत दाराजवळच्या टेबलाला साखळीने बांधलेलं असे. साखळी कशाला, तर म्हणे मुलं पानं फाडतात. महागडे तराजू उघड्यावर आणि दंडाची वही साखळदंडात, असला तो कारभार. मामांना रोज सकाळी ती साखळी सोडताना तोंड कडू व्हायचं.

मामा तिथले परिचर. एकतीस वर्षं झाली होती. प्राध्यापक आले, बढत्या घेऊन गेले, मुलं आली, पदव्या घेऊन गेली, मामा आपले जागच्या जागी. द्रावणं तयार ठेवायची, स्टँड मांडायचे, प्रॅक्टिकल संपलं की सगळी काच धुवायची, पुसायची, मोजायची आणि कपाटात लावायची. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच राहिलं होतं. मुलांच्या लेखी ते काचमामा. बायको म्हणायची, "घरात ताटल्या आपटता, आणि तिथल्या काचेला तान्ह्या बाळासारखं न्हाऊ घालता." ते खरंच होतं.

त्यालाही कारण होतं. एकोणीस वर्षांपूर्वी थर्मामीटरचा एक नवा कोरा खोका मामांच्या हातून जिन्यात पडला. खोक्याचा तळ ओला होऊन सुटला होता हे सगळ्यांनी पाहिलं, पण लिहून द्यायची वेळ आली तेव्हा एकजात सगळे मूग गिळून बसले. आठ महिने मामांच्या पगारातून पैसे कापले गेले. त्या आठ महिन्यांत धाकट्या मुलीची शिकवणी बंद झाली ती झालीच. तेव्हापासून मामा काचेला माणसांपेक्षा जास्त जपत आले. चांगल्यातली चांगली वस्तू कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली कमरेला, आणि वापरायला जुनंपानं.

तीन वर्षांपूर्वी नवे विभागप्रमुख आले आणि त्यांनी दंडाचा नियम बदलला. पूर्वी जे फुटेल त्याची किंमत भरायची. आता तिप्पट. का, तर शिस्त लागावी म्हणून. शिवाय कुणी फोडलं ते कळलं नाही तर त्या टेबलावरच्या चौघांकडून वसुली, आणि कळलं तर सगळी एकट्याच्या डोक्यावर. दंड बाकी असेल त्याला परीक्षेचं प्रवेशपत्र नाही. नियम फळ्यावर लागला त्या दिवशी विभागप्रमुखांनी मामांची पाठ थोपटली आणि म्हणाले, आता तुमची काच सुरक्षित. मामांनाही तेव्हा बरं वाटलं होतं. नंतर त्या बरं वाटण्याचीच त्यांना लाज वाटत राहिली.

कारण पुढे काय झालं ते मामांनी रोज डोळ्यांनी पाहिलं. एका टेबलाला चार मुलं आणि सामानाचा एक संच. त्यातला एखादा खिशाने गरम असायचा. वर्गात एक टोपीवाला होता, सदा डोक्यावर टोपी. तो एका सत्रात तीन पिपेट फोडायचा, हसत हसत पैसे भरायचा आणि चौथी मागायचा. सामान त्याच्या हातात राहायचं आणि हातही त्याचाच तयार व्हायचा. बाकीचे मागे उभे. ज्यांची फी कर्जावर चाललेली, जे कॉलेज सुटल्यावर कुठं कुठं कामाला जायचे, ते हात पाठीमागे बांधून, टेबलापासून दीड पाऊल लांब. "तू कर, मी आकडे लिहितो." हे वाक्य मामांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यांना ओकारी यायची. मुलं लिहायची, आलेख काढायची, जर्नल सुबक पूर्ण करायची, आणि दोन दोन वर्षं काचेला बोटही लावायची नाहीत.

आणि विभागप्रमुख? त्यांनी वार्षिक अहवालात लिहिलं की तूटफूट साठ टक्क्यांनी घटली. सभेत टाळ्या पडल्या. मागे दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मामांच्या मनात आलं, अरे निर्लज्जांनो, फुटत नाही कारण कुणी हात लावत नाही. बोलले मात्र नाहीत. बोलायची सवय त्यांनी एकोणीस वर्षांपूर्वीच सोडली होती.

त्या मागे उभ्या राहणाऱ्यांत दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती. तिला सगळे वहीवाली म्हणत. टेबलावर कुणाचाही प्रयोग असो, आकडे हिच्या वहीत. अक्षर छापल्यासारखं. लेखी परीक्षेत पहिल्या पाचांत. संध्याकाळी ती कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात गिऱ्हाइकांनी उसकटून टाकलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला जायची. तिचे वडील दुसऱ्या गावी एका गोदामात पहारेकरी होते आणि तिच्या कर्जाला जामीन म्हणून त्यांचीच सही होती. ते कर्ज एकदम मिळत नव्हतं. दर सहा महिन्यांनी सगळे विषय सुटल्याचा दाखला बँकेत द्यायचा, मग पुढचा हप्ता यायचा. एक विषय जरी राहिला तर हप्ता थांबला, आणि थांबला की फेड सुरू.

हे सगळं मामांना कसं कळलं, तर एका स्टँडमुळे. वार्षिक प्रॅक्टिकलला बारा दिवस उरले होते. सगळे गेले होते, वहीवाली आकडे उतरवत मागे राहिली होती. मामांचे दोन्ही हात साबणाचे, म्हणून ते सहज म्हणाले, ती ब्युरेट स्टँडवरून काढून दे गं जरा. मुलगी एक पाऊल मागे सरली.

"नको मामा. माझ्या हातून फुटेल."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. थट्टा नव्हती. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले होते. त्यांनी हात पुसले, तिला स्टुलावर बसवलं आणि खोदून खोदून विचारलं, तेव्हा एकेक बाहेर आलं. दोन वर्षांत तिने एकदाही ब्युरेट धरली नव्हती. एक फुटली तर दंड म्हणजे तिचं अठरा दिवसांचं जेवण, हा हिशेब तिने पहिल्याच आठवड्यात मांडून ठेवला होता. पहिल्या वर्षाची परीक्षा कॉलेजातल्या कॉलेजात, चौघांनी मिळून, तशीच निभावली होती. आणि आता बारा दिवसांनी बाहेरचे परीक्षक समोर उभे राहणार, प्रत्येकाला स्वतंत्र टेबल, मागे उभं राहायला जागाच नाही. त्यात नापास म्हणजे हप्ता बंद. वडिलांचा रोज फोन यायचा, सगळं सुटेल ना गं, आणि ती रोज सुटेल म्हणायची.

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्यावर नव्हे. हुशार पोरगी, पुस्तकातलं पान नि पान पाठ, आणि काच फुटण्याच्या धास्तीने दोन वर्षं भिंतीला टेकून काढली. आणि ती वही लिहायला कोण होतं? मामाच. प्रत्येक फुटीची नोंद त्यांच्याच अक्षरात होती.

घरी जाताना त्यांनी ठरवून टाकलं. कॉलेज साडेआठला उघडायचं आणि मामा साडेसातला झाडलोटीला यायचे. तो एक तास तिला द्यायचा. नियमात बसत नव्हतं, प्राध्यापक हजर नसताना विद्यार्थ्याने सामानाला हात लावायचा नाही असं फळ्यावर लिहिलेलं होतं. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. नसती उठाठेव करून पेन्शन अडकवून घ्या." मग थोडं थांबून म्हणाली, पोरीला काहीतरी खायला नेत जा, उपाशी पोटी हात थरथरतात.

पहिल्या दिवशी मुलगी सव्वासातलाच दारात उभी होती. मामांनी स्टँड मांडला आणि कपाटाकडे गेले. आत चोवीस नव्या ब्युरेट होत्या, मऊ कागदात गुंडाळलेल्या, तपासणी समिती येईल तेव्हा दाखवायला ठेवलेल्या. समिती पाच वर्षांतून एकदा यायची. मामांनी किल्ली कमरेवरून काढली, हातात धरली आणि परत कमरेला लावली. बेसिनखाली मोडीत काढलेल्या सामानाचं एक लाकडी खोकं होतं. त्यातून त्यांनी एक ब्युरेट उचलली. कागदोपत्री ती कॉलेजात नव्हतीच. फुटली तरी कुणाच्या नावावर काही पडणार नव्हतं, हिच्याही आणि आपल्याही. मामांना आपली ही युक्ती फार आवडली. तोटी जरा सैल होती, तिला त्यांनी व्हॅसलीन लावलं आणि मुलीला काहीच सांगितलं नाही. टाकाऊ वस्तू दिली असं तिला वाटू नये, एवढाच विचार.

ब्युरेट म्हणजे हातभर लांब, मापाच्या रेघा असलेली काचेची नळी, खाली तोटी. नळीत द्रावण भरायचं, खाली फ्लास्क धरून हलवत राहायचा, थेंब थेंब सोडत जायचं, आणि फ्लास्कात अगदी फिकट गुलाबी रंग आला की त्याच क्षणी तोटी बंद. एक थेंब जास्त पडला की रंग गडद आणि आकडा चूक. असे तीन आकडे काढायचे आणि ते जुळायला हवेत. सगळी करामत डाव्या हाताच्या बोटांची.

पहिले दोन दिवस मुलीची बोटं लाकडासारखी होती. तिसऱ्या दिवशी जरा सैलावली. मामा खुर्ची ओढून बसायचे, बायकोने दिलेली डबी उघडून ठेवायचे आणि म्हणायचे, घाई नको, तोटी काय पळून जात नाही. सहाव्या दिवशी तिचे दोन आकडे जुळले, आठव्या दिवशी तिन्ही. रंग यायच्या किंचित आधीच तिची बोटं तोटी बंद करायची, मग ती क्षणभर थांबायची, आणि फ्लास्कात नेमका फिकट गुलाबी रंग यायचा. मामा मनात म्हणाले, पोरीचा हात बसला. एकतीस वर्षांत इतक्या लवकर हात बसलेला त्यांनी पाहिला नव्हता. तोटी बंद केल्यावरही रंग का येतोय, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. व्हॅसलीन कधीच धुऊन गेलं होतं आणि तोटी बंद केल्यावरही दोन तीन थेंब गळत होते. मुलीच्या बोटांनी त्या थेंबांचा हिशेब शिकून घेतला होता.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी विभागप्रमुख लगबगीने आले. बाहेरचे परीक्षक येणार, कॉलेजची शोभा दिसली पाहिजे, कपाटातल्या नव्या काढा म्हणाले. तपासणी समितीसाठी जपलेली काच परक्या माणसासमोर मिरवायला मात्र चालत होती. मामांनी स्वतःच्या हाताने चोवीस स्टँडवर चोवीस नव्या ब्युरेट चढवल्या. एकेकीची तोटी फिरवून पाहिली. घट्ट, अगदी टणक, एक थेंब गळत नव्हता. मामा खूश होऊन घरी गेले. डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहीवाली सातव्या टेबलाला होती. मामा बेसिनपाशी उभे. परीक्षा चालू असताना परिचराने तोंड उघडायचं नसतं. तिने ब्युरेट भरली, हात स्थिर होता, मान ताठ होती, आणि मामांना वाटलं चला, पोरगी निघाली पार. तिने थेंब सोडले, फ्लास्क हलवला, रंग यायच्या किंचित आधी तोटी बंद केली आणि थांबली.

काही पडलं नाही.

ती थांबून राहिली. फ्लास्क पाण्यासारखा बिनरंगी. तिने तोटी हळूच उघडायचा प्रयत्न केला. सैल तोटीला बोट नुसतं टेकवलं तरी पुरायचं, ही घट्ट तोटी तेवढ्याने हलेना. तिने जोर लावला आणि तोटी एकदम उघडली. धार पडली. फ्लास्क गडद, भडक गुलाबी झाला. त्याच क्षणी मामांना बेसिनखालचं खोकं आठवलं, व्हॅसलीन आठवलं, आठव्या दिवसाचं आपलं कौतुक आठवलं. ती सात पावलांवर होती आणि काही करता येत नव्हतं. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही धारच पडली, तेव्हा परीक्षक टेबलाशी आले. त्यांनी तीन भडक फ्लास्क पाहिले, तिची छापल्यासारखी वही पाहिली, आणि शांतपणे विचारलं, हे जर्नल तुमचंच का. पुढच्या तोंडी प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर तिला देता आलं नाही. तिसऱ्या टेबलावर टोपीवाला शीळ घालत आकडे जुळवत होता.

निकालात ती त्या एकाच विषयात नापास होती. फेरपरीक्षा सहा महिन्यांनी. बँक सहा महिने थांबत नाही.

मामा विभागप्रमुखांकडे गेले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच आपण होऊन. उभ्या उभ्या सगळं सांगितलं, सकाळचा तास, खोकं, गळती. विभागप्रमुखांनी दार लावून घेतलं. विद्यार्थिनीचं काय, हा प्रश्न त्यांच्या तोंडून आलाच नाही. प्राध्यापक हजर नसताना लॅब उघडली, मोडीत काढलेलं सामान वापरलं, हे लेखी आलं तर चौकशी बसेल, आणि चौकशीत तुमचं पेन्शन अडकेल, माझी बढती अडकेल, असं ते अगदी मायेने म्हणाले. लेखी देऊ नका, मीही काही ऐकलं नाही. वर चहा मागवला. मामांनी तो चहा घेतला. लेखी काही दिलं नाही. घरी आल्यावर बायको काय झालं म्हणून विचारत राहिली तरी त्यांनी तिला ताकास तूर लागू दिली नाही. आपल्यात आणि त्या साहेबात आता फरक तो काय, हे त्यांना रात्रभर सलत होतं, आणि त्यांना स्वतःची किळस येत होती.

महिन्याने मुलगी आली. कॉलेज सोडताना प्रत्येक विभागाकडे काही देणं बाकी नाही अशी सही घ्यावी लागते, त्या कागदावर प्रयोगशाळेचा रकाना तेवढा उरला होता. ती आता दुकानात पूर्ण वेळ लागली होती. कर्जाची फेड या महिन्यापासून सुरू झाली होती, अर्धी तिच्या पगारातून, अर्धी वडिलांच्या. हे तिने मामांनी विचारल्यावर सांगितलं, तक्रारीचा सूर नव्हता. मामांनी पेन काढलं.

"सही करायच्या आधी एक सांगायचंय," ती म्हणाली. पर्स उघडून तिने घडी घातलेल्या नोटा टेबलावर ठेवल्या. "शिकवणीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही पाणी आणायला गेला होतात, तेव्हा ब्युरेट माझ्या हातून स्टँडवर आपटली. तेव्हापासून ती गळायला लागली. मी बोलले नाही. दंड भरायला पैसे नव्हते, आणि तुम्ही शिकवायचं बंद कराल असंही वाटलं. रोज तशीच वापरली. तुमच्या नावावर पडलं असेल ते. यात तिप्पट आहेत, मोजून घ्या."

 नोटांच्या घड्या दुकानातल्या कपड्यांसारख्या नीट होत्या. मामांनी त्या उचलून तिच्या हातात परत दिल्या आणि सगळं सांगितलं. ती आधीपासून गळकी होती. मोडीतली होती. मला माहीत होतं. कपाटात चांगल्या चोवीस होत्या.

मुलगी रागावेल, निदान रडेल, असं त्यांना वाटलं होतं. मनातून ते त्याची वाट पाहत होते. तिने नोटा परत पर्समध्ये ठेवल्या. मग तिने विचारलं, "मी तेव्हाच येऊन सांगितलं असतं, ही गळतेय म्हणून, तर?"

"तर लगेच बदलून दिली असती," मामा म्हणाले.

मुलीने मान डोलावली आणि कागद पुढे केला. मामांनी सही केली. देणं काही नाही, असं त्या रकान्यात छापलेलंच होतं. ती जिना उतरून गेली तरी ते पेन हातात धरून बसले होते. बदलून दिली असती, हे खोटं नव्हतं. दिलीच असती. पण तीही त्यांनी बेसिनखालच्या त्याच खोक्यातून काढली असती, कमरेची किल्ली तशीच राहिली असती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.